डांबरावरच जास्त धावणाऱ्या फोर-बाय-फोरला टायर कोणते? अनुभव लिहा

थार, जिम्नी, गुरखा अशा चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या (फोर-बाय-फोर) गाड्यांचा बहुतेक जन्म ऑफिस, हायवे आणि घाटातच जातो. तरी गाडी आली की पहिला खर्च बटणांच्या, म्हणजे मोठ्या ठोकळ्यांच्या टायरवर होतो. एच/टी (हायवे टेरेन, रस्त्याचा), ए/टी (ऑल टेरेन, दोन्हीकडचा) की एम/टी (मड टेरेन, चिखलाचा)? माप वाढवावं का? हवा किती? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा. 'मस्त टायर आहे, डोळे झाकून घ्या' एवढ्यावर थांबू नका. काय बिघडतं आणि का, ते सांगा.

घाटवाट

चिखलापासून नव्हे, ओल्या डांबरापासून सुरुवात करा. ताम्हिणी, वरंधा किंवा आंबोलीत जुलैमध्ये उतारावर ब्रेक लागतो तो रस्त्याला टेकलेल्या रबराने आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांनी. एम/टीत ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद आणि चिरा जेमतेम. म्हणून चिखलात राजा असलेला टायर ओल्या डांबरावर उशिरा थांबतो.

ए/टी घेताना चिरा किती खोल आहेत ते बघा. काही टायरांत त्या ठोकळ्याच्या अर्ध्यातच संपतात. अशा टायरची नक्षी निम्मी झिजली की डोळ्यांना टायर धडधाकट दिसतो, पावसातली पकड मात्र गेलेली असते. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिमी चालते, पण घाटातल्या पावसाळ्याला ती पुरत नाही. एच/टी ३ मिमीला आणि ए/टी ४ मिमीला बदलावा असं माझं मत. मापायला साधा डेप्थ गेज (खोली मोजणारी पट्टी) घ्या आणि आत, मध्ये, बाहेर अशा तिन्ही ठिकाणी लावा.

डांबर नव्वद टक्के असेल तर एच/टी किंवा सौम्य ए/टी. एम/टीचा विचारही नको.

मिलिमीटर

मापाचं गणित आधी करा, रिम नंतर निवडा. साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची म्हणजे रुंदी गुणिले टक्केवारी. तिची दुप्पट अधिक रिम (इंच × २५.४) म्हणजे टायरची एकूण उंची.

जिम्नीचं कंपनी माप १९५/८० आर१५ (१९५ मिमी रुंदी, ८० टक्के, १५ इंची रिम), म्हणजे ६९३ मिमी. लोक हमखास २३५/७५ आर१५ टाकतात. ते होतं ७३३.५ मिमी, साधारण ५.८ टक्के उंच. चाकाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते, म्हणून त्याच खऱ्या वेगाला आधी जिथे स्पीडोमीटरचा काटा १०६ दाखवायचा तिथे आता १०० दाखवतो. द्रुतगती मार्गाचा कॅमेरा तुमचा काटा बघत नाही. वर सगळे गिअर तेवढेच 'लांब' होतात, घाटात एक गिअर खाली टाकावा लागतो आणि फोर-लोमधली (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू गिअर) मुंगीची चाल थोडी वेगवान होते. २१५/७५ आर१५ मात्र ७०३.५ मिमी, फरक जेमतेम दीड टक्का.

थारला १८ इंची रिमवर २५५/६५ येतो, ७८८.७ मिमी. २६५/६५ केलात तर ८०१.७. हा फरक झेपण्यासारखा. २५५/७० म्हणजे ८१४.२, तिथे घासण्याची तपासणी हवीच. ती सपाट फरशीवर करू नका. पुढचं एक चाक उंचवट्यावर चढवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे फिरवा, आणि मडगार्डची आतली बाजू व बंपरचा कोपरा यांत बोटभर जागा राहते का ते बघा.

पाना-जॅक

दुकानात सगळ्यात कमी वाचली जाणारी गोष्ट म्हणजे साइडवॉल. आकाराच्या आधी 'एलटी' लिहिलंय का ते बघा. एलटी टायर मालवाहू गाड्यांसाठी, थर जाड, वजन जास्त. जिम्नीच्या कंपनी टायरवर ९६एस असतं: ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, एस म्हणजे ताशी १८० किमी. चार टायर मिळून २८४० किलो, आणि गाडी पूर्ण भरली तरी १५४५ किलो. तिला दहा प्लाय रेटिंगचा (थरांच्या ताकदीचा आकडा) एलटी लावला तर टायर दबतच नाही, प्रत्येक खड्डा पाठीपर्यंत येतो आणि खडकावरही पकड कमीच मिळते.

दुसरं म्हणजे टायर कधी बनला ते सांगणारा चार आकडी कोड. ३२२४ म्हणजे २०२४चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर जवळच्या तारखांचे मागा. आणि व्हॉल्व्हला टीपीएमएस (हवेचा दाब कळवणारा) सेन्सर असेल तर टायर उतरवण्याआधीच सांगा. मशीनची पट्टी व्हॉल्व्हपाशी घातली की सेन्सर तुटतो, नंतर वाद घालून उपयोग नाही. नट टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोरानेच घट्ट करणारा पाना), मॅन्युअलच्या आकड्यावर, आणि ८०-१०० किमीनंतर पुन्हा एकदा.

काळीमाती

घाटवाट, एक दुरुस्ती. मराठवाडा-विदर्भात शेतापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा असतो. पाऊस पडल्यावर ही माती टायरच्या फटीत बसते आणि सुटत नाही. एच/टीची पुरणपोळी होते, सौम्य ए/टीचीही. रोज तो रस्ता असेल तर टायरच्या खांद्यावर रुंद, बाहेर उघडणाऱ्या फटी असलेला ए/टी बघा. फटींच्या तळाशी छोटे उंचवटे असतील तर उत्तम, ते खडे आणि माती बाहेर ढकलतात. पण माती सुटते ती चाक फिरण्याच्या वेगाने. अडकल्यावर हळूहळू रेटत बसलं तर कुठलाच टायर साफ होत नाही.

कोकणातल्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्याला हे लागू नाही. तिथे एच/टी चालतो, फक्त साइडवॉल सांभाळा.

समृद्धीवरून

'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. टायर फुटतो तो मुख्यतः कमी हवेने. साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, तिथे उष्णता साठते, आणि मे महिन्यात समृद्धीच्या काँक्रीटवर तासन् तास १२०ने चालल्यावर तिला निवायला वेळच मिळत नाही. जाड ठोकळ्यांचा टायर आधीच जास्त तापतो.

दाब सकाळी, गाडी चालवण्याआधी, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. चालून तापल्यावर ४-५ पीएसआय वाढतात, ते सोडायचे नाहीत. माप किंवा प्रकार बदलला असेल तर स्टिकरचा आकडा ही फक्त सुरुवात. टायरवर आडवी खडूची रेघ ओढा आणि सरळ सपाट रस्त्यावर थोडं चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. एलटीला त्याच वजनासाठी जास्त दाब लागतो, तिथे कंपनीचा भार-तक्ता बघा.

नवा_चालक

ए/टी नवीन असताना शांत होते, आता ६०च्या पुढे विमानासारखा घूं आवाज. बेअरिंग गेलं का?

पाना-जॅक

आधी तळहात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर दातेरी झिजलाय. ब्रेक मारताना उंच ठोकळा वाकतो आणि त्याची एकच कड घासते, पुढच्या चाकांवर जास्त. वळणावर आवाज बदलत असेल तर मात्र बेअरिंगकडे बघा.

उपाय म्हणजे दर ५,००० ते ७,००० किमीला अदलाबदल. स्टेपनीसकट: स्टेपनी मागे उजवीकडे, मागची दोन्ही सरळ पुढे, पुढचं उजवं मागे डावीकडे, पुढचं डावं स्टेपनीच्या जागी. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावी-उजवी बदलता येत नाहीत, फक्त पुढची मागे. झालेली झीज भरून येत नाही, आवाज थोडा उतरेल इतकंच. अलाइनमेंट त्याच वेळी करून घ्या.

मिलिमीटर

स्टेपनीचं आणखी एक. चार टायर मोठे आणि पाचवा जुन्या मापाचा ठेवणं धोक्याचं. थार आणि जिम्नीत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने बांधले जातात. एक चाक बुटकं असेल तर तो फरक कुठे सुटत नाही, ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर) ताण साठतो आणि लिव्हर टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ताकद) येत नाही. लहान स्टेपनी लागलीच, तर टू-हायमध्येच आणि जवळच्या दुकानापर्यंत. अर्धे झिजलेले दोन आणि कोरे दोन, यालाही हेच लागू.

आणि पाचवा मोठा घेतलात तर मागच्या दाराचं बिजागर तपासा. काही किलो जास्त वजन तिथे कायमचं लटकतं. दार खडखडू लागलं तर आधी रबरी स्टॉपर बाहेर काढून घट्ट करा.