मालिका बघता बघता इंग्रजी : तुमचे अनुभव लिहा

राजारामपुरी (धागाकर्ती)

शाळा मराठी माध्यमाची, कॉलेजात पुस्तकं इंग्रजी, आणि बोलायची वेळ आली की शब्द ओठांवर येऊन थांबतो. आपल्या कोल्हापुरात हे घरोघरी आहे. माझं इंग्रजी बोलतं केलं ते ‘डाउनटन ॲबी’ने. २०१० ते २०१५ चाललेली ब्रिटिश मालिका. यॉर्कशरमधला उमरावाचा वाडा, वर मालक मंडळी आणि खाली नोकरांचा गोतावळा. बटलर, व्हॅलेट, फुटमन, स्कलरी मेड हे नोकरांच्या हुद्द्यांचे शब्द मी पाठ केले नाहीत. कोण कुणासमोर उभं राहतं, कुणाला नुसत्या आडनावाने हाक मारतात, हे बघताना ते डोक्यात बसले. हाउसकीपर आणि स्वयंपाकीणबाई बिनलग्नाच्या असल्या तरी ‘मिसेस’, कारण तो हुद्द्याचा मान. मुलगी स्वतःच्या नावाने ‘लेडी मेरी’, तिची आई मात्र नवऱ्याच्या किताबाने ‘लेडी ग्रँथम’. कोशात अर्थ सापडतो, पण कुणी कुणाला काय म्हणायचं ते माणसं बोलताना ऐकल्याशिवाय कळत नाही.

तुम्ही कोणती मालिका पाहिलीत, कुठले शब्द कामाला आले, कुठले आले नाहीत, सविस्तर लिहा. नुसती नावं नकोत.

मंगळवार पेठ

आमच्याकडे हीच मालिका आजीबरोबर बघणं व्हायचं. थांबवून थांबवून मी तिला गोष्ट सांगायचो. ‘एंटेल’पाशी गाडी अडली. इस्टेटीचे तुकडे पडू नयेत म्हणून ती पुढच्या पुरुष वारसाकडेच जाईल अशी करून ठेवलेली ती बांधणी. एप्रिल १९१२, टायटॅनिक बुडते, वारस त्यात जातात, आणि तीन मुलींच्या बापाची इस्टेट मँचेस्टरच्या एका वकिलाकडे जायची वेळ येते. आजी म्हणाली, “आनि मग दत्तक का घेईनात?”

कोल्हापूरच्या माणसाला हाच प्रश्न पडणार. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि आपल्याला शाहू महाराज मिळाले. म्हणून मी शोधलं. इंग्लंडात दत्तकाचा कायदाच मुळी १९२६ चा, आणि उमरावकी तर दत्तक मुलाकडे आजही जात नाही. या एका प्रश्नामागे एअर (म्हणजे वारस), इनहेरिट, एस्टेट, टायटल असे कितीतरी शब्द घरात आले. आता बातम्यांत कुणाच्या जमिनीचा वाद लागला की आजी विचारते, “एअर कोन हाय ह्येचा?”

शाहूपुरी, स्टाफ नर्स

मी भुदरगडची, नोकरीला इथे. ‘हाउस’ ही डॉक्टरांवरची अमेरिकन मालिका बघितली. आजारांची, तपासण्यांची नावं नर्सिंगला शिकलेलीच होती. टॅकीकार्डिया (हृदयाचे ठोके वाढणं), बायोप्सी वगैरे नवीन नव्हतं. मला अडायचं ते पेशंटचं बोलणं इंग्रजीत उतरवताना. पेशंट सांगतो, “सिस्टर, ठणकतंय”, “चमक निघते”, “नुसतं जड जड वाटतंय”. नोट्समध्ये सगळीकडे ‘पेन’ एवढंच लिहिलं तर रात्रीच्या डॉक्टरांना काय कळणार? मालिकेत डॉक्टर पेशंटला खोदून विचारतात: थ्रॉबिंग की शूटिंग? डल की बर्निंग? एका जागी आहे की रेडिएट होतंय, म्हणजे पसरतंय? ते ऐकून मी हे शब्द वापरायला लागले. ठणक्याला थ्रॉबिंग, चमकेला शूटिंग, जळजळीला बर्निंग. ड्यूटी बदलताना हँडओव्हर देणं त्यामुळे फार सोपं झालं.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. त्या मालिकेत नर्स जवळजवळ दिसतच नाहीत. रक्तसुद्धा डॉक्टरच काढतात. शब्द शिकावेत, हॉस्पिटल कसं चालतं हे तिथून शिकू नये.

उचगाव

सबटायटल मराठी ठेवली तर चालतं का हो?

ताराबाई पार्क, इंग्रजीची शिक्षिका

दादा, गोष्ट समजून घ्यायला चालतं, शब्दांसाठी नाही. मराठी अक्षरं दिसली की डोळे तिकडेच जातात आणि कान बंद होतात. इंग्रजीच ठेवा. आवडलेला छोटा प्रसंग पुन्हा लावा, यावेळी अक्षरांशिवाय. वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य लिहा आणि ते कोण कुणाला म्हणालं तेही.

शिरोली एमआयडीसी

आम्ही कास्टिंग (ओतीव भाग) परदेशी ग्राहकांना पाठवतो. ब्लोहोल, पोरॉसिटी (ओतकामातले दोष), रिजेक्शन हे फौंड्रीतल्या पोरापोराला येतं, त्याला मालिका लागत नाही. लागतं ते वाईट बातमी नीट सांगणं. ‘द क्राउन’ या ब्रिटनच्या राणीवरच्या मालिकेत पंतप्रधान दर आठवड्याला राणीला भेटतात ते प्रसंग बघा. आवाज न चढवता नकार कसा द्यायचा, ते तिथे आहे. ग्राहकाचा मेल ‘आय ॲम अफ्रेड’ने सुरू झाला की ओळखायचं, लॉट अडकला. ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे तुमचं पटलेलं नाही. आता आमचीही उत्तरं त्याच भाषेत जातात आणि बोलणी तुटत नाहीत.

कसबा बावडा, कायद्याचा विद्यार्थी

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे वकील इथे येणार, आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत. खालच्या कोर्टात मराठीत उत्तम युक्तिवाद करणाऱ्यांनाही आता इंग्रजीत उभं राहायचंय. माझे मित्र ‘सूट्स’ ही अमेरिकन वकिलांची मालिका बघतात. मीही बघितली, संवाद झकास आहेत. पण ज्युरी, अटर्नी, सबपीना हे सगळं अमेरिकेचं. आपल्याकडे ज्युरी कधीच गेली, अटर्नीच्या जागी ॲडव्होकेट, आणि साक्षीदाराला सबपीनाच्या जागी समन्स. शिवाय ती माणसं कोर्टात कमी आणि ऑफिसातच जास्त भांडतात.

माझ्या कामाला आली ती बीबीसीची ‘सिल्क’, २०११ ते २०१४ ची. लंडनच्या बॅरिस्टरांची गोष्ट. समोरच्या वकिलाला ‘माय लर्नेड फ्रेंड’ म्हणून त्याचाच मुद्दा खोडणं, न्यायाधीशांशी अदबीने पण न दबता बोलणं, साक्षीदाराला एकावेळी एकच छोटा प्रश्न विचारणं, हे आपल्या कोर्टाच्या बरंच जवळचं आहे. ‘लर्नेड’चा उच्चार ‘लर्निड’ होतो, हेही तिथेच कानावर पडलं. ब्रिटिश कोर्टाची अशी आणखी एखादी मालिका कुणी पाहिली असेल तर नक्की सुचवा. आम्ही काही मुलं रविवारी एकत्र बसून बघतो.