रिकामे डबे: नटवायचे की कबाडीला द्यायचे?

संत्रासाल (त्रिमूर्तीनगर):
घराला रंग द्यायचा म्हणून परवा स्वयंपाकघराचा माळा रिकामा केला. वरून 63 डबे निघाले. श्रीखंडाचे, आइसक्रीमचे, बोर्नव्हिटाचे, जॅमच्या बाटल्या, रसगुल्ल्याचे टिन, सावजीचा रस्सा घरी आणला त्याचे पांढरे डबे. त्यातले 17 मी स्वतः नटवलेले. कोणाला सुतळी गुंडाळली, कोणावर वारली काढली, दोघांना जुन्या साडीचे काठ चिकटवले. मागच्या दिवाळीत हा नाद लागला होता.

सामानाची पिशवीही तिथेच सापडली, बिलांसकट. ॲक्रिलिक रंग, ब्रश, वॉर्निश, सुतळी, लेस, फेविकॉल मिळून 1,160 रुपये. डब्यामागे 68 रुपये झाले. आणि डबा म्हणे फुकटचा!

मग कबाडीवाला आला. काचेच्या सहा बाटल्या मी ठेवून घेतल्या, साधे 40 डबे त्यानं मुकाट्यानं पोत्यात टाकले. नटवलेला एक हातात घेतला, नखानं सुतळी खरवडून पाहिली आणि ओट्यावर परत ठेवला. "हे आता प्लास्टिक नाही राहिलं, ताई." त्याचं खरं आहे. साधी बरणी वितळवून पुन्हा प्लास्टिक करता येते. तिच्यावर गोंद, कापड, रंग बसला की तो कोण सोडवत बसणार? ती घंटागाडीतून थेट भांडेवाडीच्या कचरा डेपोतल्या ढिगावर.

म्हणून माझं मत मांडते. रिकामा डबा वापरा, पन्नासदा वापरा, पण त्याला नटवू नका. टाकाऊतून टिकाऊ म्हणतो आपण, आणि नटवल्यावर डबा टिकाऊ होतच नाही. उलट धुवायची सोय जाते. सुतळीवाल्या डब्यांना यंदाच्या पावसाळ्यात बुरशी आली, ते वेगळंच.

उन्हाळी कुरडई:
ताई, हिशेब चोख आहे, पण वही चुकीची काढली तुम्ही. दारातली रांगोळी सकाळी काढतो, दुपारपर्यंत कोणाचा तरी पाय पडतो. रांगोळीच्या पुडीचे पैसे कोणी लावलेत कधी?

आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. कपाटं नाहीत, ओट्यासमोर उघडी फळी आहे. तिच्यावर अकरा डबे, अकरा तऱ्हेची झाकणं. एक लाल, एक निळं, एकावरून कोणी क्रिकेटवाला दात काढून बघतोय. दिवसातले चार तास मी त्यांच्यासमोर उभी असते. सगळ्यांना एकच पांढरा रंग दिला, वर काळ्या अक्षरांत नावं घातली. सासूबाई, ज्या कशालाच चांगलं म्हणत नाहीत, त्या म्हणाल्या, "खोली मोठी दिसून राहिली." 68 रुपयांत याहून जास्त काय मिळतं ते सांगा.

इतवारीकर:
आमचं भांड्यांचं दुकान आहे, तेव्हा स्टीलची बाजू घेतली तर धंदा केला म्हणाल. म्हणून फक्त डब्यांबद्दल बोलतो.

बुडाशी त्रिकोण असतो, त्यातला आकडा बघा. 1 म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. 70 अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, म्हणून त्यात गरम फोडणी किंवा ताजं तळलेलं भरू नका. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हॉटेलातून जेवण येतं ते बहुतेक डबे याचेच. ते उष्णता सोसतात. पण सावजीची तर्री एकदा लागली की तो लाल डाग आणि मसाल्याचा वास जन्माचा. त्यात साखर भरून बघा, चहाला गरम मसाल्याचा वास येतो. स्वानुभव.

लेबल काढायला लोक बाटल्या उकळत बसतात. नागपुरात मे महिन्यात त्याची गरज काय? काचेची बाटली दुपारी दोन तास गच्चीवर ठेवा, गोंद ढिला होऊन लेबल हातात येतं. उरलेला चिकटा खोबरेल तेल आणि खायच्या सोड्यानं निघतो. प्लास्टिकचा डबा मात्र असा ठेवू नका. आमच्याकडे एका उन्हाळ्यात गच्चीवर तीन बरण्या विसरल्या, त्यांची झाकणं पुन्हा कधी बसली नाहीत.

आणि रंग बाहेरूनच. आत नाही, काठावर नाही, झाकणाच्या आट्यांवर नाही. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. माळ्यावरचा उरलेला जुना ऑइल पेंट कोणत्या सालचा, कोणाला ठाऊक? तो खाण्याच्या डब्याला लावू नका.

पिपावाला (महाल):
डबे रंगवणं ही काल-परवाची टूम आहे असं समजून राहिले तुम्ही सगळे. तसं नाही बाप्पा.

आमच्या घरी 15 किलो तेलाचे पिपे होते, सात-आठ. तेल संपलं की बाबा तो पिपा पत्र्याचं काम करणाऱ्याकडे नेत. तो वरचा पत्रा कापून काठ आत वळवून देई, बिजागरीचं झाकण बसवी, वर कडी. मग आई तो राखेनं आणि चिंचेनं घासून उन्हात चार दिवस उपडा घाली. नंतर बाबा बाहेरून हिरवा रंग देत. शोभेसाठी नाही, गंजू नये म्हणून! तेलाचा पत्रा पातळ, पावसाळ्यात जमिनीला टेकलेली कड आधी खाल्ली जाते. दर दसऱ्याच्या आधी बुडाला एक हात फिरायचा. एका पिप्यात गहू कडुलिंबाच्या पाल्यासकट, एकात तूरडाळ, एकात कुरडया आणि सांडगे.

आता तो रंग हिरवाच का? तर दाराचा उरलेला होता. पण माझ्या मोठ्या बहिणीनं एका वर्षी कडीभोवती पांढरी वेलबुट्टी काढली, आणि पुढच्या वर्षी बाबांनी रंग देताना तेवढी जागा सोडून दिली. ते रागीट होते, तरी सोडली. त्यातला एक पिपा अजून माझ्याकडे आहे. गहू नसतो त्यात, गच्चीवरच्या झाडांचं खत असतं.

तर संत्रासाल ताई, रंगानं डबा टिकतो. कोणता डबा, कुठला रंग, एवढंच पहा. प्लास्टिकला रंगाची गरजच नाही, पत्र्याला आहे.

संत्रासाल:
भाऊ, तुम्ही विरोध केलाय की माझीच बाजू मांडलीय, कळेना. तुमच्या वडिलांनी आधी उपयोग पाहिला, मग रंग. आम्ही आधी रंग आणला आणि मग डबा शोधत फिरलो. खरं सांगते, त्या दिवाळीत जॅम संपायच्या आत मी वाटीत काढून ठेवला होता, कारण मला बाटली हवी होती. घरात जॅम खाणारं कोणी नाही.

फळा-खडू:
बाटली रिकामी करण्यावरून आठवलं. मी प्राथमिक शिक्षिका आहे. दरवर्षी 'टाकाऊतून टिकाऊ' हा प्रकल्प असतो. संध्याकाळी निरोप जातो की उद्या रिकामी बरणी आणा. ज्या घरात रिकामी बरणी नाही, तिथे काय होत असेल? किराणा दुकानातून नवी आणून, आतलं दुसऱ्या डब्यात ओतून, धुऊन मुलाच्या हातात देतात. वर्गात 40 चकचकीत पेनस्टँड येतात, पैकी निदान निम्म्यांवर आईचा हात दिसतो. आणि वर्ष संपलं की ते उचलून टाकायचं काम माझ्याकडे.

मी आता एवढंच केलंय की निरोप महिनाभर आधी देते, आणि डब्याला गोंद लावायचा नाही. कागद गुंडाळून वरून रबर. नको झालं की कागद वेगळा, डबा वेगळा. मुलं दर महिन्याला नवा कागद रंगवतात, त्यांना उलट तेच आवडतं.

उन्हाळी कुरडई:
रबराची युक्ती घेतली बरं का. पण माझ्या पांढऱ्या रंगावर अजून कोणी नीट उत्तर दिलं नाही. आणखी एक मुद्दा. उघड्या फळीवर पारदर्शक बाटलीत भिवापुरी मिरचीचं तिखट ठेवलं, तर उजेडानं दोन-तीन महिन्यांत त्याचा लाल रंग उडतो. हळदीचं तेच. रंगवलेल्या बाटलीत तसं होत नाही. इतवारीकर, बरोबर ना?

इतवारीकर:
बरोबर. मसाला अंधारात ठेवावा. अर्थात अंधारासाठी फडताळाचं दारही चालतं, पण तुमच्याकडे दार नाही हे मान्य. फक्त मागे बोटभर पट्टी न रंगवता सोडा, तिखट किती उरलं ते कळतं. आणि नाव घालाच. आमच्या शेजारी एकदा सरबताच्या सुबक बाटलीत फिनाईल भरून ठेवलं होतं. थोडक्यात टळलं. खाण्याच्या डब्यात असलं काही भरायचंच नाही, मग तो कितीही छान नटवलेला असो.

धरमपेठी:
एवढा खल? डबा रिकामा झाला, टाकला, विषय संपला. माळाच नको, म्हणजे प्रश्नच नको.

पिपावाला (महाल):
आणि दिवाळीत चिवडा शेजारी पाठवायचा झाला की कशात पाठवता, ओंजळीत? आमच्याकडे श्रीखंडाचा डबा गल्लीभर फिरतो. कोणाचा होता ते कोणाला आठवत नाही, आणि रिकामा परत येत नाही.

धरमपेठी:
आमच्याकडून स्टीलचे गेलेले परत आले नाहीत भाऊ. तीन.

संत्रासाल:
म्हणून तर पाठवायला प्लास्टिकचा!

बरं, कुरडई, तुमचा पांढरा रंग मी मान्य केला. दिवसभर डोळ्यांसमोर असतो तो डबा वेगळा. माझे माळ्यावर होते, तिथे त्यांची वारली कोण बघणार होतं, पाल? म्हणजे तुमची फळी उघडी आहे म्हणून मान्य, माझी चूक होती ती चूकच. सुतळीवाल्यांवर मी अजून ठाम आहे.

बुरशीवाले सोडून जे धड आहेत ते कोणाला हवे असतील तर रविवारी सकाळी या, घंटागाडीच्या आधी. डेनिश बिस्किटांचं निळं टिन दिसेल, ते मागू नका. ते मी नटवलेलं नाही, आणि त्यात दोरे आहेत.