ताठरलेला स्नायू आखडवूनही सैल होतो
बऱ्याचदा म्हटलं जातं की ताठरलेला स्नायू जोर लावून ताणल्याशिवाय सुटत नाही. जुन्या, नुसत्या आखूड झालेल्या स्नायूला ताण लागतोच, मान्य. पण दुखरी गाठ हाताला लागत असेल तर ऑस्टिओपॅथीत (हातांनी स्नायू-सांध्यांवर उपचार करण्याच्या शाखेत) उलटी वाटही आहे: काउंटरस्ट्रेन. अमेरिकन ऑस्टिओपॅथ लॉरेन्स जोन्स यांची ही पद्धत. इथे स्नायू ताणायचा नाही, आखडवायचा, म्हणजे त्याची टोकं जवळ आणायची.

मानेपासून खांद्याकडे जाणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूचं घ्या. रुग्णाला उताणं झोपवा, दुखरा बिंदू बोटाने दाबा आणि त्या दुखण्याला दहा गुण द्या. मग डोकं त्याच बाजूला किंचित कलतं करा, दंड बाजूने साधारण 90 अंश उचला आणि दुखणं तीनच्या खाली येईपर्यंत कोन थोडाथोडा बदलत राहा. तिथे 90 सेकंद थांबायचं. बोट बिंदूवरच राहू द्या, पण दाब काढून. फक्त मधूनमधून तपासायला दाबा.

फसतं ते बहुधा परतताना. हात झटक्यात खाली आणला की स्नायू पुन्हा आवळतो. पहिले काही अंश तर अगदी सावकाश हवेत. दुसरी अडचण म्हणजे रुग्ण स्वतःच हात उचलून 'मदत' करतो. हाताचं पूर्ण वजन तुमच्या तळव्यावर आलं नसेल तर ते 90 सेकंद वाया. आणि मान फिरवताना चक्कर आली किंवा हाताला मुंग्या आल्या तर लगेच थांबायचं, आधी डॉक्टरांकडून तपासणी.