एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ग्रेडियंटमध्ये (बी द्रावकाचं प्रमाण हळूहळू वाढवताना) बेसलाइन (आलेखाची तळरेषा) चढतेय, काय करू?

नवखा: सी18 कॉलम (घटक धरून ठेवणारी भरलेली नळी), द्रावक ए पाणी, बी अ‍ॅसिटोनायट्राइल, दोन्हीत 0.1% टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल), यूव्ही डिटेक्टर 210 नॅनोमीटरवर. बी वाढलं की बेसलाइन चढतेच, वर 14व्या मिनिटाला एक भुताटकी पीक (नमुन्यातला नसलेला उंचवटा), ब्लँकमध्येपण (नमुन्याशिवायच्या रनमध्ये)! वैताग आलाय राव

कॉलमवाला: चढणं टीएफएमुळे, बी वाढेल तसं त्याचं यूव्ही शोषण बदलतं. बी मध्ये 0.085% ठेव आणि 215 वर बघ, बरीच सपाट होईल

रात्रपाळी: पीकसाठी इंजेक्शन न देता ग्रेडियंट चालव, आधी 10 मिनिटं इक्विलिब्रेट करून (कॉलममधून ए वाहू देऊन), मग तेच 30 मिनिटं करून. पीक वाढला तर घाण ए मधनं येतेय, कॉलमच्या तोंडाशी साठते. आमच्याकडे बाटली न धुता नुसतं टॉप-अप करायचे, शेवाळ्यासारखा बुळबुळीत थर होता आत

नवखा: अरे बापरे, आमचीपण टॉप-अपच 😅 30 ला पीक दुपटीहून मोठा झाला. बाटली बदलतोय