मेंदूतला एव्हीएम: ग्लू, गॅमा नाइफ की ऑपरेशन? सल्ला हवा

कोयनाकाठ: पेशंट ३४ वर्षांचा. फिट आली म्हणून एमआरआय केला. डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राला लागून २.५ सेंमीचा एव्हीएम (धमन्या आणि शिरा थेट जोडल्या गेलेली गुंतवळ). रक्तस्राव झालेला नाही. एक डॉक्टर ग्लू (कॅथेटर या बारीक नळीतून औषध सोडून वाहिन्या बुजवणं) म्हणतात, दुसरे गॅमा नाइफ (बाहेरून नेमक्या जागी किरणांचा मारा). ठरवायचं कशावरून?

डीएसएवाला: आधी डीएसए, म्हणजे वाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेले एक्स-रे. एमआरआयवर गुंतवळ दिसते; रक्त कुठल्या धमनीतून शिरतं आणि कुठल्या शिरेनं बाहेर पडतं, ते डीएसएवर नीट कळतं. एरवी धमनी आणि शिरेच्या मधल्या बारीक वाहिन्यांत रक्ताचा दाब उतरतो. इथे त्याच नाहीत, म्हणून धमनीचा जोर थेट पातळ शिरेवर येतो. रिपोर्टमध्ये धमनीवर फुगा आहे का आणि शीर कुठे अरुंद झालीय का, हे बघाच.

ऑपरेशन किती धोक्याचं ते सांगणारी स्पेट्झलर-मार्टिन ग्रेडही विचारा. ३ सेंमीच्या आत १ गुण, ६ पर्यंत २, पुढे ३. महत्त्वाच्या केंद्रात असेल तर आणखी १, निचरा खोल शिरांत असेल तर आणखी १. तुमचा बहुधा २.

सुईदोरा: ग्लूबद्दल एकच नियम: शीर सगळ्यात शेवटी. आवक चालू असताना निचरा बुजला, तर गुंतवळ फुटते. ऑनिक्स (वाहिन्या बुजवणारं दुसरं औषध) असेल तर कुपी किमान २० मिनिटं हलवावी लागते, नाहीतर टँटलम (एक्स-रेत दिसणारी धातूची पूड) तळाला बसतं आणि औषध कुठवर गेलं ते स्क्रीनवर दिसत नाही. ते अगदी सावकाश सोडतात. मागे फार परतलं तर कॅथेटर अडकतो. नुसत्या ग्लूनं एव्हीएम पूर्ण बंद होईलच असं नाही, म्हणून ‘पुढे काय?’ हे पहिल्याच भेटीत विचारा. अर्धवट बुजवून थांबणं मला पटत नाही.

कोयनाकाठ: आणि गॅमा नाइफ?

डीएसएवाला: या आकाराला चांगला पर्याय. पण वाहिन्या आतून जाड होत बंद व्हायला २ ते ३ वर्षं लागतात, आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतोच. शेवटी डीएसए करूनच बंद झाल्याची खात्री करतात.

सुईदोरा: काहीच न करणं हाही पर्याय चर्चेत ठेवा. २०१४ च्या अरुबा चाचणीत न फुटलेल्या एव्हीएमचे २२६ पेशंट होते. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात नुसत्या औषधांवर १०.१ टक्के, हस्तक्षेपानंतर ३०.७ टक्के. मात्र चौतिशीच्या माणसापुढे कितीतरी वर्षं आहेत, ३३ महिन्यांवरून त्यांचा अंदाज येत नाही. ग्रेड २ ला अनुभवी सर्जनचं मतही घ्या. काढला तर त्याच दिवशी प्रश्न मिटतो, पण नंतर काही दिवस बीपी काटेकोर सांभाळावं लागतं. इतकी वर्षं कमी दाबावर राहिलेल्या शेजारच्या वाहिन्यांत एकदम पूर्ण दाब येतो, तेव्हा सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो.

डीएसएवाला: काहीही ठरलं तरी फिटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अचानक भयंकर डोकं दुखलं, उलटी झाली किंवा बोबडी वळली, तर थेट सीटी असलेल्या इमर्जन्सीत न्या.