मोझेलच्या काठाने: द्राक्षमळ्यांतली सहकुटुंब भटकंती

जर्मनीत राहणाऱ्यांकडे भारतातून आई-बाबा आले की फिरायची यादी जवळपास ठरलेली असते. हायडेलबर्ग, ब्लॅक फॉरेस्ट, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, आणि मग गाडी स्वित्झर्लंडकडे वळते. मोझेल नदीचं खोरं त्या यादीत क्वचितच दिसतं. वाइनचा प्रदेश म्हटलं की घरातली न घेणारी मंडळी ‘आमचं तिथे काय काम’ म्हणून मोकळी होतात. माझं मत अगदी उलट आहे. तीन पिढ्यांनी मिळून जावं अशा जागांमध्ये मी हे खोरं फार वर धरतो.

नदी फ्रान्समधल्या व्होज डोंगरात उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून वाहत जर्मनीत येते आणि कोब्लेंझला ऱ्हाइनला मिळते. ट्रिअर ते कोब्लेंझ हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, पण नदी त्यासाठी सुमारे १९० किलोमीटर वळत राहते. प्रत्येक वळणाला दक्षिणेकडे तोंड केलेला एखादा उतार मिळतो आणि त्यावर काठापासून माथ्यापर्यंत रिसलिंग जातीची द्राक्षं लावलेली असतात.

आमच्या घरचा लाडका टप्पा म्हणजे कोखेम ते बायलश्टाइन बोटीने. वाटेत फांकेलचा बांध लागतो. बोट बंद कप्प्यात शिरते, मागचा दरवाजा लागतो, पाणी चढू लागतं. मघाशी शेजारी असलेली ओली, शेवाळलेली भिंत हळूहळू खाली जाते आणि आपण वरच्या नदीत येतो. माझी भाची कठड्याला धरून भिंतीवरच्या लोखंडी शिडीच्या पायऱ्या मोजत होती. पाण्याने एकेक पायरी गिळली की ती ओरडून आकडा सांगायची.

तुम्ही गेला असाल तर लिहा. विशेषतः वयस्कर माणसं आणि मुलं बरोबर असतील तर काय जमलं, काय आवडलं, ते खाली प्रतिसादात तपशिलाने लिहा. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

पुण्याहून

आम्ही मुलाकडे कोलोनला गेलो होतो तेव्हा सूनबाईने हा बेत आखला. गाडी घेतली नाही, सगळं रेल्वेने केलं. ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्याचं एक दिवसाचं तिकीट मिळतं, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं आणि लोकल-प्रादेशिक गाड्यांना दिवसभर चालतं. फक्त कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच लागू होतं, एवढं ध्यानात ठेवा.

कोब्लेंझहून निघालात तर नदी डाव्या हाताला राहते, त्याच बाजूच्या खिडक्या धरा. कोखेमच्या पुढे गाडी बोगद्यात शिरते ती चार किलोमीटरहून जास्त अंधारातच. नदी तिथे इतका मोठा वळसा घेते की रेल्वेने डोंगरच पोखरला, १८७९ साली.

सासूबाईंचे गुडघे चढ-उतार सोसत नाहीत. कोखेमला त्यांच्यासाठी खुर्चीची रोपवे होती. दोघांची खुर्ची, समोर आडवा दांडा, आणि खाली द्राक्षांच्या रांगा नि ओकची झाडी. त्या पूर्ण वेळ माझा हात धरून होत्या, पण वर पोचल्यावर स्वतःच म्हणाल्या, “उतरताना पुन्हा हीच घेऊ.” वरून कोखेमचा किल्ला समोर दिसतो. १६८९ मध्ये फ्रेंचांनी तो उडवला. आज उभा आहे तो एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या एका उद्योगपतीने, रावेने यांनी, भग्नावशेष विकत घेऊन पुन्हा बांधलेला.

शाकाहारी लोकांसाठी: फ्लामकूखेन नावाची पातळ, पापडासारखी कुरकुरीत भाकरी सगळीकडे मिळते. वर साय नि कांदा असतो, पण नेहमीच्या प्रकारात डुकराचं मांसही असतं. “ओने श्पेक” सांगितलं की ते वगळून देतात. कांद्याचा ‘पाय’ (इंग्रजीतला pie, भाजलेला खारा पदार्थ) मागवतानाही हेच विचारा.

निफाडहून

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, आयुष्यभर द्राक्षबागायतदार. माझ्या बहिणीकडे फ्रँकफर्टला आले तेव्हा त्यांना म्युझियम, राजवाडे यात फारसा रस नव्हता. मोझेलच्या खोऱ्यात शिरलो, पहिला उतार दिसला आणि ते म्हणाले, “गाडी थांबव.”

आमच्याकडे द्राक्ष मांडवावर नाहीतर इंग्रजी ‘वाय’ (Y) आकाराच्या आधारावर. इथे वेलीला एकच खांब. दोन काड्या गोल वाकवून खाली बांधलेल्या, त्यामुळे प्रत्येक वेल बदामाच्या आकाराची दिसते. तारा नाहीत म्हणून माणूस उतारावर आडवाही चालू शकतो. दादांनी ती बांधणी बोटाने हलवून पाहिली, गाठ कशी मारली ते वाकून पाहिलं. मग जमिनीकडे लक्ष गेलं. माती दिसतच नव्हती, नुसत्या काळ्या-निळ्या दगडाच्या चकत्या. शाळेची पाटी ज्या दगडाची असते तोच हा दगड. दुपारभर ऊन खातो आणि रात्री ती ऊब वेलीला देतो. आपण उत्तरेला जवळपास पन्नासाव्या अक्षांशावर आहोत, तरी इथे द्राक्ष पिकतं त्यात या दगडाचा मोठा वाटा. संध्याकाळी सात वाजता दादांनी एक चकती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. चांगली गरम होती.

बर्नकास्टेलजवळच्या एका मळेवाल्याशी त्यांची गाठ पडली. बहीण मध्ये बसून दुभाष्याचं काम करत होती. दादांनी पहिला प्रश्न विचारला, “खुंट कोणता?” खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ती दुसरी वेल; आपल्याकडे बहुतेक बागा डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम केलेल्या. मळेवाला म्हणाला, वरच्या जुन्या वेलींना खुंटच नाही, त्या स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने युरोपभरचे मळे मुळापासून खाल्ले, त्यानंतर सगळीकडे अमेरिकन खुंटावर कलमं बांधायला लागले. पण या दगडाळ उतारात ती कीड नीट रुजत नाही, म्हणून मोझेलला बिनकलमी वेली टिकल्या. दादा त्या वेलीच्या बुंध्यापाशी बराच वेळ बसून होते.

मग छाटणीचा विषय निघाला. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहार छाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा, हे ऐकून मळेवाल्याने बहिणीला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. त्याच्याकडे थंडीत एकदाच. वेल हिवाळाभर झोपते, पानं गळतात. दादा म्हणाले, “आमची वेल झोपतच नाही. आम्हीच तिला झोपू देत नाही.” हे भाषांतरित झाल्यावर तो माणूस उठला आणि तळघरातून एक बाटली घेऊन आला. दादा माळकरी आहेत, घेत नाहीत. तेव्हा त्याने त्याच मळ्याच्या द्राक्षांचा रस आणला आणि दोघांनी तो घेतला.

पुढे तासभर केवडा नि भुरी हे वेलीचे रोग, आणि मजुरी. उतारावर ट्रॅक्टर चालत नाही, म्हणून एका रुळावरची छोटी गाडी माणसं आणि क्रेट वर नेते. फवारणी कित्येक ठिकाणी हेलिकॉप्टरने होते. तोडणीला पोलंड-रुमानियातून माणसं येतात. दादांनी गारपिटीचं सांगितलं, त्याने कोंब फुटल्यावर येणाऱ्या गोठवणाऱ्या रात्रींचं. नव्या पिढीला एवढ्या तीव्र उतारावर राबायचं नाही म्हणून काही उतार पडीक पडलेत, तेही त्याने दाखवले. झुडपांनी भरलेल्या त्या भिंती पाहून दादा गप्प झाले. घरी परतल्यावर गावातल्या लोकांना त्यांनी किल्ल्याचं एक अक्षर सांगितलं नाही, या माणसाचंच सांगितलं.

शेती करणारं कुणी घरात असेल तर त्यांना इथे आणाच, हे मी आग्रहाने सांगतो.

श्टुटगार्टहून

मुलं लहान असतील तर एल्त्सचा किल्ला. मोझेलकेर्न गावापासून ओढ्याकाठच्या रानातून पायवाट जाते. शेवटच्या वळणापर्यंत किल्ला दिसत नाही, मग एकदम समोर. वाहनतळापासून छोटी बसही आहे, त्यामुळे आजी-आजोबा तिने आले आणि आम्ही चालत.

साडेआठशे वर्षांहून जास्त काळ हा किल्ला एकाच घराण्याकडे आहे आणि तो कधी उद्ध्वस्त झाला नाही. कोखेमचा किल्ला उडवला त्या धामधुमीतही वाचला, कारण घराण्यातला एक जण फ्रेंच सैन्यात अधिकारी होता. माझ्या सासऱ्यांना मात्र दुसरीच गोष्ट भिडली. १२६८ मध्ये भावांची वाटणी झाली, पण कुणी किल्ला सोडला नाही. एकाच चौकाभोवती तीन शाखांनी आपापली घरं बांधली, उंचीला वाढवत नेली आणि पिढ्यानपिढ्या एका दरवाजातून ये-जा केली. कोकणातल्या त्यांच्या घरातही तीन चुली आणि एक अंगण. त्यांनी मुलांना चौकात उभं करून कुठलं घर कोणत्या शाखेचं ते दाखवलं. गाइडपेक्षा मुलांनी त्यांचं जास्त ऐकलं.

जवळच म्योर्सडॉर्फला गायरलाय नावाचा झुलता पूल आहे, ३६० मीटर लांब, दरीपासून सुमारे १०० मीटर उंच, २०१५ मध्ये खुला झालेला. तिकीट नाही. उंचीची भीती असणाऱ्यांनी अलीकडच्या कड्यावरून बघावा, तिथूनही दृश्य उत्तम आहे.

नागपूरहून

ट्रिअरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पोर्टा निग्रा हा रोमन दरवाजा इसवी सन १७० च्या सुमाराचा, आत वर चढता येतं. पण मोझेलचं म्हणून बघायचं तर ऱ्हाइनिशेस लांडेसम्युझियममधली दगडी वाइन-नौका बघा. एका रोमन व्यापाऱ्याच्या थडग्यावरचं हे शिल्प, १८७८ मध्ये नॉयमागेनला सापडलं. नौकेत पिंपं रचलेली आणि वल्ही मारणारी माणसं, नौकेवरच्या एकाचा चेहरा चक्क हसरा. नॉयमागेनला या नौकेची लाकडी प्रतिकृती नदीत चालते, त्यात बसताही येतं.

कार्ल मार्क्सचं जन्मघर याच गावात (१८१८). १८४३ मध्ये, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने ‘ऱ्हायनिशे त्साइटुंग’ या वर्तमानपत्रात मोझेलच्या द्राक्ष उत्पादकांच्या हलाखीवर लिहिलं आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. निफाडकरांचा प्रतिसाद वाचून हे आठवलं.

ठाण्याहून

मी निवृत्त, पायी फार चालणं होत नाही. मला सर्वांत जास्त समाधान बर्नकास्टेलच्या पलीकडच्या काठावर, कूसला मिळालं. निकोलस ऑफ कूसा या विद्वान कार्डिनलने १४५८ मध्ये आपल्या जन्मगावी ३३ वृद्धांसाठी आश्रम स्थापला. खर्च भागावा म्हणून द्राक्षमळे जोडून दिले. आश्रम आजही चालू आहे, मळेही आहेत, तिथले वृद्ध आजही त्याच वास्तूत राहतात. आतल्या ओवऱ्यांमधून फिरताना एक आजोबा चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालत आले, हसून मान लववली आणि पुढे गेले. इतकी शतकं एखादी सोय टिकते, ती मळ्याच्या उत्पन्नावर, हे मला फार मोठं वाटलं.

बर्नकास्टेलचा चौक सुंदर आहेच, १४१६ चं ते वर रुंद, खाली अरुंद लाकडी घर चुकवू नका. मात्र दुपारी तिथे खूप गर्दी असते. सकाळी जा.

म्युनिचहून

ऑक्टोबरमध्ये गेलात तर ब्रेम गावचा काल्मोंट. युरोपातल्या सर्वांत तीव्र उताराच्या द्राक्षमळ्यांत त्याचं नाव घेतात, काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत. मळ्यातून जाणाऱ्या वाटेवर लोखंडी शिड्या आणि दोर आहेत. आम्ही कॉलेजमधल्या मुलीला घेऊन गेलो, लहान मुलांना नको. पिवळ्या पडलेल्या पानांतून खाली बघितलं की नदीने जवळजवळ पूर्ण वर्तुळ काढलेलं दिसतं आणि त्या आतल्या सपाटीवर श्टूबेनच्या मठाची उघडी भिंत.

त्या दिवसांत सगळीकडे फेडरवाइसर मिळते, आंबणं अजून चालू असलेली गढूळ, गोडसर वाइन. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, आडवी ठेवायची नाही. चारचाकीत तर उभी धरूनच बसा. सोबत कांद्याचा पाय खातात.

लक्झेंबर्गहून

आपण सगळे ज्या व्हिसाच्या रांगेत उभे राहतो त्याचं गाव मोझेलवरच आहे. १४ जून १९८५ रोजी शेंगेनपाशी, ‘प्रिन्सेस मारी-अ‍ॅस्ट्रिड’ या बोटीवर पाच देशांनी करार केला. जागा मुद्दाम निवडलेली: फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग तिथे भेटतात. आईने पूल ओलांडून जर्मनीतल्या पेर्लला जाऊन यायचा हट्ट धरला, पासपोर्ट पर्समध्ये घट्ट धरून. कुणी विचारलं नाही. मागे डोंगरावर इकडेही द्राक्षंच आहेत. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस-ट्रेन सर्वांना मोफत आहे, तेव्हा इकडून यायला खर्च नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. निफाडकर, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

काहींनी विचारलं म्हणून: बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, एल्त्सही हिवाळ्यात बंद असतो. मार्चअखेर-एप्रिलमध्ये गेलात तर मळ्यांच्या कडेने लाल पीचची झाडं गुलाबी फुलांनी भरलेली असतात, त्याचा आंबट-गोड मुरांबा कोखेमच्या दुकानांत मिळतो. न घेणाऱ्यांनी कुठल्याही मळेवाल्याकडे “ट्राउबेनझाफ्ट” मागा, द्राक्षांचा रस जवळपास सगळीकडे असतो. आणि नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर पुराच्या रेषा कोरल्या आहेत, डिसेंबर १९९३ ची शोधा. मुलांना त्या रेषेशेजारी उभं करून फोटो काढला असेल तर इथे टाका.