पतंगांना आधी वास, मग रंग
रात्री फक्त पांढरी फुलं दिसतात म्हणूनच पतंग तिकडे वळतात, असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटलं. लांबून पतंगाला ओढतो तो वास; फिकट रंगाचा उपयोग जवळ आल्यावर. शिवाय काही हॉक मॉथ (लांब सोंडेचे मोठे पतंग) नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखतात, आपल्याला तेव्हा सगळं करडंच दिसतं.

या मतात फुलाच्या नळीची लांबी मात्र राहून गेली. निशिगंध, रातराणी, सुगंधी निकोटियाना (तंबाखूच्या जातकुळीतलं शोभेचं फूलझाड) यांचा मकरंद नळीच्या तळाशी असतो, तिथवर लांब सोंडच पोचते. मादागास्करच्या एका ऑर्किडची जवळपास ३० सेंमी लांब मकरंदनळी पाहून डार्विनने १८६२ साली लिहिलं की एवढ्या सोंडेचा पतंग तिथे असणारच. त्या पतंगाचं वर्णन प्रसिद्ध झालं १९०३ मध्ये, डार्विन गेल्यावर २१ वर्षांनी! मकरंद असा नळीच्या तळाशी असतो, म्हणून पतंगांसाठी फूलझाड लावायचं तर एकेरी पाकळ्यांचीच जात निवडा, दुहेरीत जादा पाकळ्या वाट अडवतात. आणि कृपा करून रताळ्याच्या वेलावरची शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी मारू नका. तोच पुढे निकोटियानावर घिरट्या घालणारा हॉक मॉथ होतो.